देश नसलेल्या देशाचे परराष्ट्रमंत्री

परदेश दौऱ्याहून परतलेले राष्ट्राध्यक्ष विमानतळावर उतरतात, पत्रकार माइक सरसावून उभे असतात, आणि हे गृहस्थ त्या सगळ्यांना घेऊन थेट शौचालयात शिरतात. पत्रकार परिषद तिथेच! दौऱ्याचं फलित वगैरे राहिलं बाजूला. आपल्या देशात पाऊल ठेवणाऱ्या पाहुण्याला पहिलं दर्शन या घाणीचं का घडावं, एवढाच विषय. साल १९९७, दौरा जपानचा, शहर टालिन, देश एस्टोनिया आणि राष्ट्राध्यक्ष लेनार्ट मेरी. सोव्हिएत काळातलं ते विमानतळ, त्या काळाचा वास अंगात मुरलेली ती स्वच्छतागृहं, आणि त्यात दाटीवाटीनं उभे राहिलेले कॅमेरेवाले. आता खरी गंमत ऐका. त्याच विमानतळाला आज याच माणसाचं नाव आहे! २९ मार्च २००९ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या जयंतीला, ते दिलं गेलं. ज्यानं इमारतीची अब्रू चव्हाट्यावर काढली, त्याचंच नाव त्या इमारतीवर. असं दुसरं उदाहरण कुणाला माहीत असेल तर मला जरूर कळवा.

माझा भाचा नोकरीसाठी टालिनला गेला आणि पोचल्याचा फोटो त्यानं पाठवला. थंडीनं लाल झालेलं नाक, दोन बॅगा, मागे विमानतळाचं नाव. मी विचारलं, "हे मेरी कोण रे?" उत्तर आलं, "मावशी, आत्ता उतरलोय. जरा दम तर घेऊ दे." त्यानं दम घेतला, मला मात्र दम निघेना. मोबाइलवर नाव टाकलं, वाचत सुटले, आणि त्या संध्याकाळी कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते देवालाच ठाऊक. तेव्हापासून घरी-दारी, बसस्टॉपवर, भिशीत, जो भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे. आता तुमची पाळी.

आधी थोडा नकाशा. युरोपच्या उत्तरेला, बाल्टिक समुद्राच्या काठाला, रशियाला खेटून बसलेला हा देश क्षेत्रफळानं आपल्या कोकणाच्या साधारण दीडपट, आणि माणसं मात्र नाशिक शहरात मावतील एवढीच. १९१८ मध्ये स्वतंत्र झाला, १९४० मध्ये सोव्हिएत संघानं गिळला, १९९१ मध्ये पुन्हा स्वतंत्र झाला. एवढं पाठ असलं की पुरे.

लेनार्ट मेरींचा जन्म १९२९ चा. वडील गिओर्ग मेरी परराष्ट्र सेवेत, त्यामुळे मुलाचं बालपण बर्लिन, पॅरिस असं फिरतीवर गेलं. नऊ शाळा आणि चार भाषा! आमच्याकडे पोराची एक शाळा बदलली तरी आईबाप महिनाभर हळहळतात. मग आला जून १९४१. १४ जूनला सोव्हिएत सत्तेनं एस्टोनियातून दहा हजारांवर माणसं घराघरातून उचलली आणि मालगाडीच्या डब्यांत भरून रशियाच्या खोल मुलखात धाडली. त्यात मेरी कुटुंबही होतं. घरच्या कर्त्या पुरुषांना वेगळं काढून छावण्यांत आणि तुरुंगांत टाकलं, बायकामुलांना दुसरीकडे. बारा वर्षांचा लेनार्ट लाकूडतोड्याचं काम करायला लागला. बटाटे सोलले. नदीतून ओंडक्यांचे तराफे वाहून नेणाऱ्यांत राबला. काल-परवापर्यंत पॅरिसच्या शाळेत जाणारा मुलगा!

नशीब एवढंच की कुटुंब वाचलं आणि परत आलं. वडिलांची तर कमालच. तुरुंग भोगून आलेल्या या माणसानं पुढे शेक्सपिअर एस्टोनियन भाषेत आणला, एखाददुसरं नाटक नव्हे, खंडच्या खंड. त्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर काय बोलणी होत असतील याचा मी उगाचच विचार करत बसते.

१९५३ साली मुलानं तार्तू विद्यापीठातून इतिहासाची पदवी घेतली, तीही मानानं. पण सरकारनं इतिहासकार म्हणून काम करू दिलं नाही. साहजिकच आहे. ज्याला इतिहास खरोखर माहीत आहे, त्याला तो लिहू कसा द्यायचा? मग तार्तूच्या वानेमुइने नाट्यगृहात नोकरी, पुढे रेडिओवर नभोनाट्यांची निर्मिती, आणि पोटासाठी व हौसेसाठी भाषांतरं. ग्रॅहम ग्रीन, रेमार्क, सोल्झेनित्सिन अशी नावं त्या यादीत आहेत. हे सगळं वाचताना मला सारखं वाटत होतं, अहो, पण हा माणूस राजकारणात शिरणार कधी? तर अजून तीस-पस्तीस वर्षं शिरायचा नाही! साठीचा उंबरठा ओलांडल्यावर मंत्री झाला. आणि माझं म्हणणं असं की त्याच्या मंत्रिपदाची सगळी तयारी याच मधल्या वर्षांत, राजकारणाच्या बाहेर झाली. तेच मला सांगायचंय, म्हणून जरा सावकाश सांगते.

पश्चिमेकडे जायची परवानगी नाही. वर्षानुवर्षं अर्ज करायचे आणि नकार घ्यायचे. दुसरा कुणी हात चोळत बसला असता. मेरींनी काय केलं? सोव्हिएत संघ हा पृथ्वीवरच्या जमिनीचा सहावा हिस्सा, तोच पालथा घातला. १९५८ मध्ये ते मध्य आशियात थ्यान शानच्या डोंगरांत आणि काराकुमच्या वाळवंटात गेले आणि परत येऊन नाग आणि विषारी कोळ्यांच्या त्या प्रदेशावर पहिलं पुस्तक लिहिलं. मग ज्वालामुखींचं कामचात्का. मग पार ईशान्य टोकाकडचा आर्क्टिक मुलूख. प्रत्येक सफरीचं पुस्तक. पिंजऱ्यातल्या माणसानं पिंजऱ्याची लांबी-रुंदी अशी मोजून काढावी! आणि घरी बसून ही पुस्तकं वाचणारे लोकही त्याच पिंजऱ्यातले, त्यामुळे ती हातोहात खपली यात नवल नाही.

आणि सिनेमे! इथे मी अक्षरशः खुर्चीच्या टोकावर येऊन बसले. एस्टोनियन भाषेची गंमत अशी की ती आजूबाजूच्या रशियन, जर्मन, लाटव्हियन यांच्यातली कुणाचीच बहीण नाही. तिचं गोत फिनिशशी जुळतं, जरा लांबून हंगेरियनशी, आणि मग व्होल्गाकाठच्या, उरलच्या, सैबेरियातल्या छोट्या छोट्या जमातींशी. मारी, कोमी, खांती, मान्सी, नेनेत्स अशी आपण कधी न ऐकलेली माणसं. मेरी कॅमेरा घेऊन या नातेवाइकांच्या दारात गेले. १९७० मध्ये त्यांचा 'पाणपक्ष्यांची माणसं' हा माहितीपट आला. त्यात कमासी भाषा बोलणारी क्लावदिया प्लोत्निकोवा नावाची म्हातारी आहे, ती भाषा येणारी जगातली शेवटची व्यक्ती. ती १९८९ मध्ये गेली आणि तिच्याबरोबर भाषा गेली. म्हणजे कुणीतरी वेळेवर कॅमेरा घेऊन पोचलं होतं! पुढचा 'आकाशगंगेचे वारे', १९७७ चा, फिनलंड आणि हंगेरीच्या मदतीनं काढलेला. सोव्हिएत संघानं त्यावर बंदी घातली, न्यूयॉर्कला मात्र त्याला रौप्यपदक मिळालं. लग्नं, मयतं, सणवार, नाती, गाणी. यात बंदी घालण्यासारखं काय आहे असं तुम्हाला वाटेल. पण जरा विचार करा. 'सोव्हिएत नागरिक' हा एकच साचा जिथे सगळ्यांना बसवायचा आहे, तिथे हा माणूस दाखवतोय की आमचं गणगोत वेगळं आहे, आमच्या कुळकथा वेगळ्या आहेत आणि आम्ही इथे तुमच्या कितीतरी आधीपासून आहोत. घोषणा एक नाही, पण सगळं सांगून झालं.

त्याच १९७७ मध्ये त्यांनी आर्क्टिकमधल्या तैमिर द्वीपकल्पावर देम्निमे नावाच्या एका नगानासान मांत्रिकाचं चित्रण केलं. नगानासान म्हणजे अगदी उत्तरेच्या टोकावरची, रेनडिअरवर जगणारी मूठभर माणसं, आणि हा त्यांच्यातल्या अखेरच्या मांत्रिकांपैकी एक. तो माहितीपट तयार होऊन लोकांपुढे आला तो थेट १९९७ मध्ये. म्हणजे पाहा, ज्या वर्षी राष्ट्राध्यक्ष महोदय पत्रकारांना शौचालयात नेत होते, त्याच वर्षी त्यांचा वीस वर्षं डब्यात पडून राहिलेला मांत्रिकावरचा सिनेमाही बाहेर आला. भाच्याला मी हे सांगितलं तर म्हणतो, "मावशी, तू आता एस्टोनियनच शिकून टाक." शिकेनही! त्या भाषेत नामाच्या चौदा विभक्ती आहेत म्हणे. आपण संस्कृतच्या आठच रडत रडत पाठ केल्या.

अजून एक सांगायलाच हवं, ते 'ह्योबेवाल्गे' हे पुस्तक, १९७६ चं. एस्टोनियाच्या सारेमा बेटावर काली नावाच्या गावात उल्का पडून झालेलं एक विवर आहे, सुमारे ११० मीटर व्यासाचं, गोल, आत तळं. आपण लोणारकर मंडळी, त्यामुळे आपल्याला त्याचं अप्रूप लगेच कळतं, आकारानं ते लोणारपुढे अगदी वाटीएवढं असलं तरी. फरक एवढाच की ही उल्का माणसांच्या डोळ्यांदेखत पडली असावी, इतकी ती अलीकडची. मेरींनी काय करावं? त्यांनी सव्वादोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक दर्यावर्दी पिथिअस याला हाताशी धरलं. त्यानं उत्तरेकडच्या 'थुले' नावाच्या भूमीचं वर्णन केलं होतं, जिथे सूर्य झोपायला जातो अशी जागा तिथल्या लोकांनी त्याला दाखवली. मेरी म्हणाले, ते थुले म्हणजे आमचं सारेमा आणि सूर्य पडलेली जागा म्हणजे कालीचं विवर! लोकगीतं, तारे, गलबतांचे मार्ग, जुने भूगोलवेत्ते अशी सगळी साक्षीपुराव्यांची मोट बांधून त्यांनी हे लिहिलं. सगळ्या पंडितांना ते पटलं असं मुळीच नाही, आणि मलाही पूर्ण पटलेलं नाही. पण करामत बघा. जगाच्या दृष्टीनं नकाशाच्या कडेला पडलेला, नाव पुसून टाकलेला देश या माणसानं उचलला आणि प्राचीन जगाच्या कुतूहलाच्या मधोमध नेऊन ठेवला. वाचणाऱ्या एस्टोनियन माणसाची छाती किती फुगली असेल!

आता मंत्रिपद. मधल्या काळात अखेर फिनलंडला जायची परवानगी मिळाली होती, आणि मेरींनी तिथे ओळखींचं जाळं विणलं होतं. राजकारणी, पत्रकार, परदेशात पांगलेले एस्टोनियन. त्यांचे सिनेमे आणि लेख फिनलंडच्या शाळांत अभ्यासाला होते, १९८६ मध्ये हेलसिंकी विद्यापीठानं मानद डॉक्टरेट दिली. मॉस्कोनं एस्टोनियात फॉस्फोराइटच्या अवाढव्य खाणी काढायचं ठरवलं आणि लोक खवळले, तेव्हा ती बातमी बाहेरच्या जगात नेणाऱ्यांत हे पुढे. १९८८ मध्ये त्यांनी 'एस्टोनियन इन्स्टिट्यूट' काढलं. नावाला सांस्कृतिक देवाणघेवाण, विद्यार्थ्यांना बाहेर शिकायला पाठवणं. कोपनहेगन, स्टॉकहोम, लंडन, बॉन, पॅरिस, हेलसिंकी इथे त्याची सांस्कृतिक केंद्रं. आणि ऑगस्ट १९९१ मध्ये एस्टोनिया स्वतंत्र झाल्याबरोबर याच केंद्रांच्या दारांवर पाट्या बदलल्या आणि त्या झाल्या वकिलाती! हे वाचून मी टाळीच वाजवली, एकटीच, स्वयंपाकघरात. लग्नाची तारीख ठरायच्या आधी कार्यालय, आचारी, मांडववाला सगळं बुक करून ठेवणारा एखादा मामा असतो ना, तसा हा माणूस.

१२ एप्रिल १९९० रोजी एदगार साविसार यांच्या सरकारात मेरी परराष्ट्रमंत्री झाले. पण कुठल्या देशाचे? देश अजून सोव्हिएत संघातच! सोव्हिएत घटक प्रजासत्ताकांना १९४४ पासून कागदोपत्री परराष्ट्र खाती असत. मॉस्कोहून आलेलं वाचून दाखवावं, पाहुण्यांना फिरवून आणावं, एवढंच काम. त्या रिकाम्या खुर्चीत मेरी बसले आणि खऱ्या परराष्ट्रमंत्र्यासारखे वागायला लागले. तरुण, भाषा येणारी मुलं गोळा केली आणि जगाच्या परिषदांची दारं ठोठावायला सुरुवात केली. कोपनहेगन, न्यूयॉर्क, पॅरिस, बर्लिन, मॉस्को. बोलावलं तर जायचं, न बोलावलं तरी जायचं.

नोव्हेंबर १९९० चा पॅरिसचा प्रसंग तर वाचवत नाही. युरोपातलं शीतयुद्ध संपल्याचा सोहळा, चौतीस देशांचे नेते जमलेले. एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया या तिघांच्या परराष्ट्रमंत्र्यांना यजमानांनी पाहुणे म्हणून आत घेतलं. सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्या माणसांनी हरकत घेतली आणि या तिघांना बाहेर काढण्यात आलं. युरोप मोकळा झाल्याचा आनंद आत साजरा होतोय आणि ज्यांना मोकळं व्हायचंय ते दाराबाहेर! आइसलँड आणि डेन्मार्कचे परराष्ट्रमंत्री मात्र त्यांची बाजू सोडायला तयार नव्हते. आइसलँडचे योन बाल्दविन हानिबाल्सन हे नाव लक्षात ठेवा, पुढच्याच परिच्छेदात लागणार आहे.

ऑगस्ट १९९१. मॉस्कोत गोर्बाचेव्हविरुद्ध बंड झालं, रणगाडे टालिनकडे निघाले, आणि २० ऑगस्टच्या रात्री ११ वाजून २ मिनिटांनी एस्टोनियाच्या संसदेनं स्वातंत्र्याचा ठराव केला. मत देणारे ६९, बाजूनं ६९. दोन दिवसांत, २२ ऑगस्टला, आइसलँडनं सगळ्यांआधी मान्यता दिली. आणि २६ ऑगस्टला मेरी, लाटव्हियाचे यानिस युरकान्स आणि लिथुआनियाचे अल्गिर्दास साउदार्गास हे तिघं रेक्याविकला जाऊन हानिबाल्सन यांच्याबरोबर सह्या करत होते. कुठे, सांगू? होफदी हाउस नावाच्या त्याच पांढऱ्या लाकडी घरात, जिथे १९८६ मध्ये रेगन आणि गोर्बाचेव्ह अण्वस्त्रांवर बोलायला बसले होते. पॅरिसमध्ये दाराबाहेर काढलेले तिघं नऊ महिन्यांत इथे! मग नुसती रीघ लागली. २ सप्टेंबरला अमेरिका, ६ ला खुद्द सोव्हिएत संघ, ९ ला आपला भारत. १२ सप्टेंबरला सुरक्षा परिषदेनं संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यत्वाची शिफारस केली, तेव्हा भारत त्या परिषदेत होता, ही माझी आपली छोटीशी खुशी. १७ सप्टेंबरला एस्टोनिया सदस्य झाला, दोन्ही कोरियांबरोबर, एकाच दिवशी.

पण या साऱ्यात मला सगळ्यात जास्त कुणी वेड लावलं असेल, तर न्यूयॉर्कमधल्या एका म्हाताऱ्या वकिलातवाल्यानं. त्यांचं नाव एर्न्स्ट याकसन, जन्म १९०५ चा. १९३२ पासून ते न्यूयॉर्कच्या एस्टोनियन वाणिज्य दूतावासात. १९४० मध्ये देश नकाशावरून गेला. पण २३ जुलै १९४० रोजी अमेरिकेनं आपल्या परराष्ट्र खात्याचे सम्नर वेल्स यांच्या निवेदनातून जाहीर केलं होतं की हे गिळणं आम्हाला मान्य नाही. म्हणून दूतावास चालू राहिला! देश नाही, सरकार नाही, राजधानीकडून पत्र नाही, आणि हा माणूस रोज ऑफिस उघडतोय, एस्टोनियाचे पासपोर्ट देतोय. १९६५ पासून तोच प्रमुख. एक्कावन्न वर्षं गेली. १९९१ मध्ये देश परत आला आणि याकसन त्याचे अमेरिकेतले राजदूत आणि संयुक्त राष्ट्रांतले प्रतिनिधी झाले, वय ८६. आपल्या सेवाज्येष्ठतेच्या याद्या करणाऱ्यांनी यांना कुठे बसवायचं ते ठरवावं.

हे कळल्यावर मेरींचं राजकारण मला एकदम उलगडलं. एस्टोनियावाले 'आम्हाला नवा देश द्या' असं म्हणतच नव्हते. त्यांचं म्हणणं, आमचा देश १९१८ पासून आहे, मधली पन्नास वर्षं तो कब्ज्यात होता, एवढंच. देश द्या असं म्हटलं की देणारा मोठा होतो, अटी घालतो, पुढची तारीख देतो. आमचं आम्हाला परत द्या म्हटलं की समोरच्याला खाली बघावं लागतं. आणि हे ठासून सांगायला इतिहासकारच हवा होता. ज्या माणसानं वीस वर्षं आपल्या लोकांची वंशावळ कॅमेऱ्यात आणि पुस्तकांत गोळा केली, त्याला दुसऱ्या देशाच्या मंत्र्यापुढे 'आम्ही कोण' हे सांगताना कागद लागत नाही. शिवाय तो ते फ्रेंचमध्ये, जर्मनमध्ये, इंग्रजीत, फिनिशमध्ये आणि रशियनमध्येही सांगू शकतो!

मार्च १९९२ मध्ये मंत्रिपद गेलं. काही महिने फिनलंडमध्ये राजदूत, आणि मग त्याच शरद ऋतूत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. लोकांच्या मतदानात खरं तर आर्नोल्ड र्युटेल पुढे होते, पण निम्म्याहून जास्त मतं कुणालाच मिळाली नाहीत, म्हणून निवड संसदेकडे गेली आणि ५ ऑक्टोबरला मेरी ५९ विरुद्ध ३१ नं जिंकले. १९९६ मध्ये पुन्हा. २००१ मध्ये पायउतार झाले तेव्हा त्यांच्या जागी कोण आलं? तेच र्युटेल. असो.

राष्ट्राध्यक्ष म्हणून ते सोपं प्रकरण नव्हतं. वेळेचं आणि त्यांचं वाकडं. संसदेनं केलेले कायदे परत पाठवायचे, १९९३ चा परकीयांचा कायदा तर युरोपातल्या तज्ज्ञांना दाखवल्याशिवाय सही करणार नाही म्हणून बसले. त्यांच्याच सरकारला हे किती झोंबलं असेल! पण मला वाटतं तेच बरोबर होतं. देशात लाखो रशियन भाषक, सीमेपलीकडे रशिया कान देऊन बसलेला, आणि नवीन राष्ट्राच्या पहिल्या कायद्यांकडे सगळं जग पाहतंय. तिथे घाई कशाला?

आणि हँबर्ग! २५ फेब्रुवारी १९९४. तिथे माथिए-माल नावाची मेजवानी असते, चौदाव्या शतकापासूनची. मेरी मानाचे पाहुणे. जेवणाआधीचं भाषण म्हणजे गोड गोड चार शब्द, असं सगळ्यांनी धरलेलं. मेरींनी उठून सांगितलं की शेजारच्या देशांतल्या रशियन भाषकांच्या नावाखाली रशिया पुन्हा हात-पाय पसरायला निघाला आहे आणि पश्चिमेनं डोळ्यांवर कातडं ओढून घेऊ नये. पाहुण्यांत सेंट पीटर्सबर्गच्या महापालिकेतले एक अधिकारी होते. ते उठले आणि तडक बाहेर निघून गेले. त्यांचं नाव व्लादिमीर पुतिन. मी हे दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. १९९४! तेव्हा पुतिन हे नाव जगात कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. २०२२ नंतर युरोपात हे भाषण पुन्हा शोधून शोधून वाचलं गेलं यात काय नवल.

त्याच वर्षी २६ जुलैला मेरी मॉस्कोत रशियाचे राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांच्यासमोर बसले. रशियाचं सैन्य एस्टोनियातून अजून गेलेलं नव्हतं, आणि घोडं अडलं होतं ते निवृत्त सोव्हिएत लष्करी अधिकाऱ्यांच्या हक्कांवर. मेरींनी त्या बाबतीत थोडं दिलं आणि सैन्य घालवलं. ३१ ऑगस्ट १९९४ ही तारीख पाळली गेली. घरी त्यांच्यावर टीकाही झाली, की फार दिलंत. पण पन्नास वर्षं ठाण मांडून बसलेलं परकं लष्कर एकही गोळी न झाडता निघून गेलं, आणि पुढच्या वर्षी पाल्दिस्की बंदरातल्या पाणबुडी प्रशिक्षण केंद्रातल्या दोन अणुभट्ट्याही ताब्यात आल्या. मला तरी हा सौदा स्वस्त वाटतो.

त्यांच्या नावावर सांगितलं जाणारं एक वाक्य एस्टोनियात लहानथोरांच्या तोंडी आहे. परिस्थिती म्हणजे नुसतं शेण आहे, पण हेच आपल्या उद्याचं खत. (मूळ शब्द शेणापेक्षा जरा जास्तच स्पष्ट आहे, इथे छापण्याजोगा नाही.) कुणाही शेतकऱ्याला लगेच पटेल असं हे बोलणं. शेक्सपिअरच्या अनुवादकाचा मुलगा असं बोलतो, म्हणून मला ते फारच आवडलं. मेरी १४ मार्च २००६ रोजी गेले. त्यांच्या नावानं टालिनला २००७ पासून परराष्ट्र आणि संरक्षण धोरणावरची मोठी परिषद भरते, नेते नि जाणकार त्यासाठी जगभरातून येतात, आणि बहुतेक सगळे अर्थातच त्या विमानतळावर उतरतात. स्वच्छतागृहं आता चकाचक आहेत, असा भाच्याचा अहवाल. त्याला मी मुद्दाम बघून यायला सांगितलं होतं.

आता मेरींनंतर परराष्ट्रमंत्री कोण झालं ते बघायला गेले आणि पुन्हा फसले! मार्च १९९२ मध्ये त्या खुर्चीत आले यान मानिट्स्की. लहानपणी घरच्यांबरोबर एस्टोनियातून निसटून स्वीडनला गेलेले, आणि तिथे चक्क 'अॅबा' या गाजलेल्या गायकवृंदाचा पैशाअडक्याचा कारभार सांभाळणारे. म्हणजे एका मांत्रिकाचा सिनेमा काढणाऱ्याच्या हातून परराष्ट्र खातं गेलं ते 'अॅबा'च्या हिशेबनिसाकडे! मंत्रिपद संपल्यावर या गृहस्थांनी आपल्या विइनिस्तू नावाच्या कोळीवाड्यात, जुन्या मासळी कारखान्यात चित्रसंग्रहालय उघडलंय. टालिनहून किती लांब आहे, बस जाते का, आणि सोमवारी बंद असतं का, एवढं भाच्याला विचारलंय. अजून उत्तर नाही. निळी खूण मात्र दिसते आहे.